देवीनं निवडलेली हार्ड डिस्क

प्रिय नंदिता अक्का,

आधी कबुली देतो, मग बाकीचं. काकांची, म्हणजे तुझ्याच बाबांची, फोटोंची हार्ड डिस्क मी पाडली. भर दुपारी, पुदुआरूच्या कालव्यावरच्या पुलाशी, गतिरोधकावर, मोपेडवरून. माझ्या आईनं तुला फोनवर सांगितलं असेल की डिस्क आपोआप बिघडली आणि काकांचे सगळे फोटो गेले. आपोआप काही बिघडत नाही अक्का. आपल्या घरात काही बिघडलं की मी आसपास असतो, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? कॉफीच्या डब्यात चिंचोक्यांची पूड कोणी भरली होती, शेजारच्या जयलक्ष्मी मामींची स्कूटर ओट्यावर कोणी चढवली होती, हे तू कधी विचारलंसुद्धा नाहीस. सरळ माझा कान धरायचीस. आता कान धरायला तू इथं नाहीस म्हणून मीच धरून बसलोय.

हे व्हॉट्सॲपवर सांगता आलं असतं, पण मी मला ओळखतो. तीनदा आवाज रेकॉर्ड करून पाठवला आणि तू ऐकायच्या आत तीनदा पुसला. तू विचारलंस, काय पुसलंस रे, तर म्हणालो मामींच्या भजनाचा व्हिडिओ चुकून गेला. पत्र एकदा पेटीत पडलं की परत काढता येत नाही. लहानपणी मी हात घालून बघितलाय, कोपरापर्यंतच जातो. आणि देवनागरीत लिहितोय कारण काकू गेल्यापासून या घरात ती मला एकट्यालाच वाचता येते. काका तमिळ आणि इंग्रजीच्या पुढे गेले नाहीत. हा कागद जेवणाच्या टेबलावर उघडा टाकून मी आंघोळीला गेलो तरी चालतं. काकूनं आपल्याला पाटीवर शिकवलं तेव्हा तिला काय ठाऊक की मी तिची अक्षरं असल्या कामाला लावीन! चुका दिसतील, सोड. तू पुढच्या धड्यावर गेलीस आणि मी कधीच गेलो नाही, त्याचं हे फळ.

तू लग्न करून कोइंबतूरला गेल्यापासून सहा वर्षं काका तुझं नाव घेत नाहीत, हे तुला माहीत आहे. पण नाव न घेता माणूस काय काय करतो हे तुला माहीत नाही, ते सांगतो. रिटायर झाल्यापासून काकांनी घरातले सगळे आल्बम काढले. बुरशीनं फोटो एकमेकांना चिकटले होते. त्यांनी ते वाफेवर धरून, नेसत्या वेष्टीच्या टोकानं पुसून, एकेक स्कॅन केले. दीड वर्ष चाललं होतं. नंतर कॅमेऱ्यातले, मग काकूच्या फोनमधले. सगळं त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये, जो चालू व्हायला लागला की आपण दात घासून यावं. एके दिवशी तो चालूच होईना. मी मागून एक थाप मारली तर झाला. पण काका असे घाबरले की घामानं सदरा भिजला. म्हणाले, "साई, हे सगळं दुसरीकडे ठेवायला पाहिजे. आजच." आज म्हणाले आणि तीन आठवडे घेतले.

तुला काका ठाऊक आहेतच. चप्पल घ्यायची तरी चार दुकानं. या वेळी तर वही केली. एका बाजूला फिरत्या चकतीची डिस्क, मोठी, दोन टीबी. दुसऱ्या बाजूला एसएसडी, काड्यापेटीएवढी, एक टीबी, आत हलणारं काहीच नाही. खाली वजन, केबल कुठली, वॉरंटी किती, पडली तर काय, ओल लागली तर काय. दक्षिण वीथीतला दुकानदार सुब्रह्मण्य आमच्यापायी वेडा व्हायचा राहिला. त्यानं एसएसडी काउंटरवरून मुद्दाम खाली पाडली, उचलली, लावली, चालली. काका म्हणाले, आता दुसरी पाडून दाखवा. तो म्हणाला, "सार, ती पाडली तर मला विकत घ्यावी लागेल." मी हसलो. काकांनी वहीत लिहून घेतलं. एवढ्यावर निकाल लागायला हवा होता की नाही? पण काकांनी पेपरात वाचलं होतं की एसएसडी वीज न देता दोन-तीन वर्षं नुसती कपाटात ठेवली तर आतलं हळूहळू विसरू शकते. झालं. घरी आल्यावर टंबलरमधली कॉफी गार करत बसले आणि म्हणाले, "एक पडली की मरते. दुसरी पडून राहिली की विसरते. मला मरणारी नको आणि विसरणारीही नको." सुब्रह्मण्यनं त्यांना दहादा सांगितलं होतं, सार, कुठलीही घ्या, पण दोन जागी ठेवा, एका जागी ठेवलेलं म्हणजे ठेवलेलंच नाही. ते मात्र वहीत लिहिलं नाही.

मला स्वतःला मोठी हवी होती. कारण सांगतो, हसू नकोस. काकांचे फोटो अर्ध्या टीबीतसुद्धा बसत होते. दोन टीबीची घेतली तर उरलेल्या जागेत माझे गेम आणि सिनेमे राहिले असते आणि काकांना कळलंही नसतं. माझ्या दोस्ताकडे, सतीशकुमारकडे, सगळा खजिना तयार होता. म्हणून तीन आठवडे मी काकांच्या कानाशी मोठीच मोठी म्हणत होतो. ते हो-हो म्हणायचे आणि वहीत अजून एक रकाना पाडायचे. शेवटी एका शुक्रवारी सकाळी आंघोळ करून आले आणि म्हणाले, "साई, कण्हेर आण. दोन्ही रंगांची. कौल लावू या."

आपल्या घरचा कौल तुला सांगायला नको, पण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. एका विड्याच्या पानात पांढरं फूल, दुसऱ्यात तांबडं, दोन्ही पुड्या दोऱ्यानं सारख्या बांधायच्या, भवानीच्या पायाशी ठेवायच्या आणि लहान मुलाला एक उचलायला सांगायची. निघेल तो देवीचा शब्द. दुसरी पुडी उघडायची नाही, तशीच कालव्यात सोडायची, कारण देवीचं उत्तर तपासून बघायचं नसतं. हा नियम ज्या पणजोबांनी केला त्यांच्या घरात माझ्यासारखा कोणी नसावा. पुड्या बांधायचं काम माझं, कारण घरात माझेच हात चपळ, असं सगळे कौतुकानं म्हणतात. पांढरं म्हणजे एसएसडी, तांबडं म्हणजे मोठी, असं काका देवीला नीट समजावून सांगत होते, वॉरंटीसकट. मी मागं बसून दोन्ही पानांत तांबडं घातलं. मामींच्या चार वर्षांच्या नातीनं पुडी उचलली, काकांनी उघडली, तांबडं. काकांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी दुसरी पुडी स्वतः कालव्यात सोडून आलो आणि येताना शीळ घालत आलो. खरं सांगतो, तेव्हा काहीच वाटलं नाही. डिस्कच तर होती.

पण काकांसाठी ती डिस्क राहिली नाही ना. देवीनं निवडलेली म्हटल्यावर तिला कुंकू लावलं. काकूच्या जुन्या रेशमी साडीचा तुकडा कापून पिशवी शिवली, स्वतःच्या हातानं, सुई तीनदा बोटात घुसवून. दोन दिवस फोटो उतरत होते आणि काका स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसले होते. नावं सरकत होती, मधूनच एखादी वाचून म्हणायचे, "हा सरफोजी मार्केटचा." आणि सगळं उतरल्यावर त्यांनी एक गोष्ट केली, जी सुब्रह्मण्यनं ऐकली असती तर दुकान बंद करून घरी गेला असता. जुना कॉम्प्युटर तिरुवैयारूच्या संगीत पाठशाळेला देऊन टाकला. आतलं सगळं पुसून. मी म्हणालो, काका, दोन जागी ठेवायचं होतं ना. तर म्हणाले, "देवीनं बोट दाखवून दिलेली आहे रे. वर अजून एक ठेवायची म्हणजे तिच्यावर अविश्वास नाही का?" बोट कोणाचं होतं ते मला माहीत होतं. तरी पुसायचं बटण मीच दाबलं.

पुसायच्या आधी एक फोल्डर दिसला होता. त्याचं नाव इंग्रजीत होतं. नंदिता, आणि पुढे, बाळासाठी. आत तुझे फोटो, अक्का. तू पाळण्यात, तू काकूच्या कडेवर, पुन्नैनल्लूरच्या जत्रेत फुगा फुटल्यावर भोकाड पसरलेली, कॉलेजच्या बसच्या खिडकीत. प्रत्येकाखाली काकांनी बाळाला कळेल असं काहीतरी लिहिलं होतं. फुग्याच्या फोटोखाली होतं, तुझी आई अशी रडायची, तू अशी रडतेस का? तुला मुलगी झाल्याचं आईनं सांगितलं तेव्हा काका नुसतं "अस्सं" म्हणाले होते. आणि त्याच आठवड्यापासून हे चालू होतं. डिस्क घ्यायची घाई कशासाठी ते मला तेव्हा कळलं. मग त्यांनी मला कोइंबतूरच्या गाडीचं तिकीट काढायला सांगितलं. एकच, खिडकीचं, परतीचं नको म्हणाले. मी विचारलं, काका, कोणाकडे? म्हणाले, "तुला काय करायचंय गाढवा, काढ म्हटलं की काढ." मी तुला कळवणार होतो. त्यांनीच बजावलं, कळवशील तर घराबाहेर काढीन. दारात उभं राहून तुझं तोंड बघायचं होतं त्यांना.

काकूच्या तिथीला नऊ दिवस होते तेव्हा मी ती डिस्क सतीशकुमारकडे नेली. उरलेल्या जागेसाठी. रेशमी पिशवी बुळबुळीत, शर्टात खोचलेली, गतिरोधक पुलाच्या अगदी तोंडाशी. पडली, उडाली, कठड्याला आपटली. वर साधा ओरखडाही नव्हता. सतीशकुमारनं लावली तर आतून टिक टिक टिक, पाल चुकचुकते तसं. तो म्हणाला, "मच्चान, संपलं." आम्ही उलटी धरली, हलवली, त्याच्या आईनं तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितली, तेही केलं. तांदूळ ओल्या फोनला चालतो म्हणे, मेलेल्या चकतीला नाही. संध्याकाळच्या आत ती पिशवीत घालून काकांच्या कपाटात होती तशी ठेवली. नऊ दिवस मी जेवलो, झोपलो, काकांशी क्रिकेट बघितलं. त्या नऊ दिवसांत सांगितलं असतं तरी ते निदान माणसाच्या हातून झालं असतं.

तिथीला माझे आईबाबा तिरुवैयारूहून आले होते. जेवणं झाली, काकांनी डिस्क टीव्हीला लावली, सगळ्यांना काकू दाखवायची होती. टिक टिक टिक. त्यांनी केबल बदलली. दुसरी आणली, तिसरी आणली. बाबा म्हणाले, राहू दे आता, नंतर बघू. काकांनी डिस्क मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघून विचारलं, "साई, तू हिला हात लावला होतास?" मी म्हणालो, नाही. इतकं सरळ म्हणालो की आईसुद्धा फसली, आणि आई कधी फसत नाही. मग काका जे बोलले ते ऐकून मी मागच्या दारानं बाहेर गेलो. म्हणाले, "लग्नाच्या वेळी देवीनं नाही म्हणून सांगितलं होतं. मी विसरायला लागलो होतो. आता तिनंच दिलेलं तिनंच परत घेतलं. अजून किती स्पष्ट सांगायचं तिनं?" दुसऱ्या दिवशी मला तिकीट रद्द करायला लावलं. डिस्क सुब्रह्मण्यनं चेन्नईला पाठवली होती, चकती उघडून बघणारे असतात तिथं. परवा उत्तर आलं. चकती खरवडली गेलीय, एकही फोटो नाही. काकांनी ऐकलं, मान हलवली आणि झाडांना पाणी घालायला गेले. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता तू म्हणशील, ठीक आहे, गाढवपणा केलास, कान धर, उठाबशा काढ. इथवर वाचून तू मला माफ करशील हे मला माहीत आहे, म्हणून पुढचं लिहायला तीन दिवस लागले. अक्का, तुझ्या लग्नाचा कौल आठवतो? तू, काकू, काका, पुडी उचलणारं शेजारचं पोर, आणि पुड्या बांधणारा मी. मी चौदा वर्षांचा होतो. काका मनापासून म्हणाले होते की सुंदर आपल्यातला नसला तरी मुलगा चांगला आहे, पांढरं निघू दे, मांडव मी स्वतः घालीन. त्यांना पांढरंच हवं होतं गं. नारळ आणून ठेवला होता. मी दोन्ही पुड्यांत तांबडं घातलं. ती खोडी नव्हती. एवढी एकच गोष्ट मी आयुष्यात खोडी म्हणून केली नाही. तू कोइंबतूरला जाणार होतीस, आणि मला वाटलं, तांबडं निघालं की तू रडशील, चार दिवस जेवणार नाहीस, मग काका इथलाच कोणीतरी बघतील आणि तू दोन गल्ल्या सोडून राहशील. माझ्या प्रगतिपुस्तकावर काकूच्या नावानं सही करत राहशील. तू ऐकणारच नाहीस हे माझ्या डोक्यात आलंच नाही. तू पहाटेच्या बसनं गेलीस. काकांना वाटलं मुलगी देवीला ओलांडून गेली. काकू दोन वर्षं गच्चीवर जाऊन तुला चोरून फोन करायची आणि मी खाली जिन्यात राखण करायचो, मी! ती गेली तेव्हा तू बारा दिवस ओसरीवर बसलीस आणि काका तुझ्यासमोरून न बोलता ये-जा करत होते. मी तुला कॉफी आणून देत होतो. प्रत्येक टंबलरबरोबर ते माझ्या तोंडाशी यायचं. तू म्हणायचीस, साई किती शहाणा झालाय.

आणि हे सगळं आज का लिहितोय, तर गेल्या मंगळवारी सुंदर अत्तिंबेरचा, आमच्या भावोजींचा, फोन आला. पुढच्या महिन्यात बाळाचे कान टोचायचेत, मामाच्या मांडीवर बसवून टोचतात, आणि मामा म्हणजे मीच. ते हसत म्हणाले, "नवी वेष्टी घेऊन ये, बाळ मांडीवर काय करेल सांगता येत नाही." मी हो म्हणालो, आणि त्याच रात्री हा कागद काढला. ती ज्याच्या मांडीवर बसणार त्यानं काय केलंय हे तिच्या आईला आधी कळायला हवं. कळल्यावर तू दुसरा कोणी मामा शोधलास तर मी एक शब्द बोलणार नाही. काकांना मी सांगणार आहे, दोन्ही कौल, पूल, सगळं. येत्या शुक्रवारी, पूजा झाली की, देवीसमोरच. मग त्यांनी मला घराबाहेर काढलं तर काढू देत, पण देवीनं त्यांच्या मुलीला कधीच नाही म्हटलं नव्हतं हे त्यांना कळू दे. दोनदा सुरुवात केली होती, "काका" म्हटलं की ते म्हणतात, "कॉफी घेतलीस का?" आणि मी पळतो. या वेळी पळणार नाही. पण अक्का, तोवर तू कोणाला सांगू नकोस. अत्तिंबेरना नाही, माझ्या आईला तर अजिबात नाही, आणि रागाच्या भरात काकांना फोन करू नकोस. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना वाटेल तू स्वतःसाठी बोलतेस, माझ्याच तोंडून ऐकलं तर विश्वास बसेल. शुक्रवारपर्यंत फक्त. तुझ्या पाया पडतो, या कागदावर डोकं टेकवतो, हे पत्र वाचून फाडून टाक आणि कोणाला सांगू नकोस गं, कोणालाच नको.

तुझाच, ठेवशील तर,
साईराम